घरात ठेवायचं ते तोलत नाहीत

या गं बायांनो, जरा अशा पुढं सरकून बसा. उंबऱ्यात अर्धं आत अर्धं बाहेर बसून ऐकायची ही गोष्ट नाही. आणि आधी माझं थोडं बोलणं खाऊन घ्या, मग पुढचं सांगते. बागलाणातून मी परत आले, हातातली पिशवी खाली टेकायच्या आत तुम्ही विचारलंत काय, तर "माई, डाळिंबं आणली का?" एकीनं म्हणून विचारलं नाही की माई, तिथं काय बघितलंस. शोभतं का हे? रोज दुपारी तुम्हाला पेपर वाचून दाखवते. सोन्याचा भाव आला की कान टवकारता, आणि 'योजना' असा शब्द आला की लगेच, "ते सोडा माई, पुढचं वाचा."

मला शाळा माहीत नाही. मुलं शिकली त्यांच्या पाठीमागून मी शिकले, वाण्याच्या पुड्या उलगडून त्यावरचं वाचत बसले. त्यामुळं छापलेल्या अक्षरावर माझा भारी जीव. पण योजना ह्या शब्दाशी माझंही कधी जमलं नाही. तो शब्द नेहमी भाषणात आणि भिंतीवर. चुलीजवळ, पाळण्याजवळ तो कधी दिसलाच नव्हता. ह्या खेपेला दिसला, म्हणून लिहून काढते. ज्या इथं बसलेल्या नाहीत त्यांनाही वाचता येईल.

मनमाड

माझा धाकटा भाऊ दामू मनमाडला रेल्वेत आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. त्याचं बोलावणं आलं म्हणून गेले. नाशिकरोडहून गाडीत बसलं की लासलगावपर्यंत कांद्याचा वास येतो आणि मनमाड आलं की इंजिनाचा. क्वार्टरच्या दारात पाय धुवायला मी तांब्या उचलला, तर भावजय म्हणाली, "वन्स, अर्धाच घ्या हं." मनमाडच्या बायका पाण्याचा तांब्या दुधाच्या तांब्यासारखा धरतात. नळ कधी येईल तेव्हा येईल. घरात पिंप, मोरीत पिंप, न्हाणीचं पाणी भांड्याला, भांड्याचं पाणी तुळशीला नाहीतर कोथिंबिरीला. आपल्याकडं गोदावरी उशाला. आपण पाटावर पाय सोडून गप्पा मारतो. तिथं मला आपल्या गप्पांचीसुद्धा लाज वाटली.

भावजयीनं बाजरीची भाकरी आणि हरभऱ्याच्या पाल्याची भाजी केली होती. जेवताना दामू मुद्द्यावर आला.

"आक्का, तू विमलला घेऊन ये."

विमल त्याची मोठी मुलगी. आजोळी, बागलाणात, मामाकडं राहून मॅट्रिक झाली आणि तिथंच अंगणवाडीची बाई म्हणून लागली. अंगणवाडी म्हणजे काय ते सांगते, नाहीतर मध्येच विचाराल. सरकारनं देशभर काढलेली लेकरांची शाळाच म्हणा, पण पाटी-पेन्सिलीच्या आधीची. अंगावर पिणाऱ्या लेकरापासून सहा वर्षांच्यापर्यंत सगळी तिच्या हिशोबात. त्यांना सुकडी खायला द्यायची, डोस पाजायचे, गाणी म्हणायची, आणि दर महिन्याला प्रत्येकाचं वजन करायचं. वजन वाढत नसेल त्या लेकराला दुप्पट खाऊ, आणि फारच कमी असेल तर दवाखाना.

"चांगलं काम आहे की," मी म्हटलं.

"काम चांगलंय. पण गावातलं एकही लेकरू वजनाला येत नाही. सुकडी घ्यायला येतात, वजनाचं नाव काढलं की पळतात. तिच्या वरच्या तपासणीच्या बाई येऊन सांगून गेल्या, ह्या महिन्यात वजनं झाली नाहीत तर अंगणवाडी दुसऱ्या गावाला हलवू. ते गाव मागतंच आहे म्हणे. आता अंगणवाडी हलल्यावर पोरीनं मान खाली घालून यायचं, त्यापेक्षा आपण आधीच आणलेली काय वाईट?"

"ती काय म्हणते?"

"ती माझं ऐकते होय? तुझं ऐकेल. आत्याच्या वळणावर गेलीय."

हे कौतुक होतं की टोमणा, ते मी विचारलं नाही. दुसरी भाकरी मागितली.

रस्त्यात

मनमाडहून मालेगाव, मालेगावहून सटाणा, असा एस.टी.चा प्रवास. थंडीचे दिवस, उन्हाळ कांद्याच्या लागवडीची धांदल. सटाण्याच्या गाडीत माणसांपेक्षा रोपं जास्त. कांद्याच्या रोपांच्या ओल्या जुड्या टपावर, पायात, आणि एका बाईनं तर विचारता विचारताच माझ्या मांडीवर ठेवल्या. "धर व माय, जरासं." जरासं म्हणता म्हणता माझं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. थंडीनं दात वाजायला लागले. ती बाई मात्र सगळी वाट मला तिच्या सुनेची गाऱ्हाणी सांगत आली, आणि उतरताना एक जुडी माझ्याच पिशवीत टाकून गेली. आता मी कांदा कुठं लावू, नळाखाली?

शेजारच्या बाकावर एक गुरुजी होते, रिटायर झालेले, गळ्याला मफलर. मी कुठं, कशाला चालले ते ऐकल्यावर ते सरसावून बसले. बोटांवर मोजत मला सगळा देश समजावून सांगायला लागले. "हे बघा आजी, पहिली पंचवार्षिक योजना शेती आणि धरणांची. दुसरी कारखान्यांची. आता सहावी चालू आहे, ही गरिबी हटवण्याची."

"आणि लेकरांची कितवी गुरुजी?"

ते थबकले. मग हसून म्हणाले, "लेकरं सगळ्यांतच धरलेली असतात."

"सगळ्यांत धरलेलं म्हणजे आमच्या घरातल्या थोरल्या सुनेसारखं," मी म्हटलं. "जेवायला सगळ्यांबरोबर धरलेली, ताट मात्र तिचं शेवटी."

पुढच्या बाकावरच्या बाया खळखळून हसल्या. गुरुजीही हसले, माणूस खुल्या मनाचा. मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "आजी, इसवी सन दोन हजारपर्यंत सर्वांना आरोग्य, असं सरकारनं ठरवलंय. तुमच्या भाचीचं काम त्यातलंच. आज दिसायचं नाही ते."

दोन हजार! मी मनात हिशोब केला, मी कुठली असायला तेव्हा. गुरुजीही नाहीत, आणि ज्यांनी हे ठरवलं तेही बरेचसे नसतील. मला त्याचं नवल वाटत राहिलं. आपण मरून गेल्यावर जे दिसणार त्याची आखणी आज करायची, हे काम तसं मोठ्या मनाचंच. पण मग एक शंका आली. आखणारे मोठे, आखणी मोठी, आणि ती ज्या दारात जाऊन उभी राहायची ते दार उघडायचं कुणी? त्या दाराच्या आत बसलेल्या बाईला दोन हजार साल दिसत नसतं, तिला संध्याकाळची भाकरी दिसत असते. तिचं चुकतं असं मला म्हणवेना.

खिडकीतून डोंगर जवळ येत होते. बागलाणातले डोंगर आपल्या पांडवलेण्यासारखे गुमान एका जागी बसलेले नाहीत. कुणी सुळक्यासारखा उभा, कुणी कापून ठेवल्यासारखा सपाट. त्यांच्या पायथ्याशी काळं रान, आणि त्यात वाकलेल्या बायांच्या रांगा.

गाव

गावाचं नाव सांगत नाही. त्यांना ते आवडायचं नाही, आणि तसं वागणारं ते एकटं गावही नव्हे. मोसम नदीच्या काठाला आहे, एवढं पुरे.

विमल स्टँडवर आली होती. वाळलेली, पण डोळे तेच टपोरे. माझी पिशवी घेत म्हणाली, "दादांनी मला न्यायला पाठवलंय ना तुला?"

"मी डाळिंबं न्यायला आलेय."

"आत्या, खोटं तुला कधी जमलं नाही."

मामीनं रात्रीला फुणके आणि कढी केली होती. आपल्याकडं हे करत नाहीत. भिजवलेल्या डाळीचे मुटके वाफवायचे, कढीत कुस्करायचे आणि वरून तेल ओतायचं. मी इतके खाल्ले की मामी म्हणाली, "नाशिकला उपास व्हते का?"

सकाळी अंगणवाडी बघितली. ग्रामपंचायतीची जुनी खोली, भिंतीवर विमलनं काढलेली चित्रं, कावळ्याला चोच जरा मोठीच झालेली. लेकरं वाटी घेऊन आली, गाणी म्हणाली, सुकडी घेतली. सुकडी म्हणजे भाजलेल्या पिठाचा गोड चुरा, कोरडा. लेकरं वाटी घेऊन घरी पळायला बघत, विमल दारात आडवी उभी राहून म्हणे, "इथं बसून खा रे राजांनो." घरी नेलं की एका वाटीत सहा हात पडतात.

इथं एक सांगून ठेवते, लपवण्यात अर्थ नाही. गावकुसाबाहेरच्या आमच्या वस्तीतल्या बाईच्या, म्हणजे विमलच्या, हातची कोरडी सुकडी गावाला चालत होती. एकदा तीच पाण्यात शिजवून खीर केली तर अर्धी लेकरं आलीच नाहीत. विमलनं हे मला सांगितलं ते जणू हवापाण्याचं सांगावं तसं. मी विचारलं, "तुझ्या वरच्या बाईंना सांगितलंस?" तर म्हणाली, "सांगितलं. त्या म्हणाल्या, ह्याला काही रकाना नाही." देशाच्या एवढ्या मोठ्या आखणीत सगळ्याला रकाना आहे, ह्याला नाही. मला त्याचा राग आला, आणि पोरीला आला नाही ह्याचा जास्त आला.

मग वजनाचा काटा बघितला. आढ्याला आकडा, आकड्याला काटा, आणि काट्याला अडकवायची एक जाड कापडाची चड्डी. लेकराचे पाय त्यात घालायचे आणि सोडून द्यायचं लोंबकळत.

"विमल," मी म्हटलं, "हे खाटकाच्या दुकानातल्यासारखं दिसतं गं."

"तेच म्हणतात सगळ्या," ती म्हणाली. "पण तेवढंच नाही."

तेवढंच नव्हतं, ते मला भागाबाईनं सांगितलं. भागाबाई ही गावातली पोक्त बाई, माझ्याच वयाची असेल. गावातल्या निम्म्या लेकरांची नाळ तिनं कापलेली, त्यामुळं ती म्हणेल तसं सगळ्या सुना करणार. तिची सून कांदा लावायला जाई आणि नात हिच्या कडेवर. ठकी नाव. दोन वर्षांची असून वर्षाची दिसायची. हातपाय काड्या, केस तांबूस, आणि रडणं असं की आवाज निघायचा नाही. विमलला रात्रंदिवस त्या पोरीचीच काळजी. वजन केल्याशिवाय तिला दुप्पट खाऊ लावता येत नव्हता, तालुक्याच्या दवाखान्याला चिठ्ठी देता येत नव्हती.

मी भागाबाईच्या ओट्यावर जाऊन बसले. म्हातारी म्हातारीशी बोलते, त्याला आमंत्रण लागत नाही. तिनं पाणी विचारलं, पण तांब्या पुढं केला नाही, ओंजळीत वरून ओतायची तयारी दिसली. मी म्हटलं, तहान नाही. तिला समजलं, मला समजलं. मग मीच विषय काढला.

"नातीला तोलून का घेत नाही हो?"

भागाबाई अहिराणी बोलते, आपल्याला सगळं समजतं. ती म्हणाली, "हे दख बहीन. आम्ही काय तोलतस? कांदा तोलतस, दाना तोलतस, बकरू तोलतस. तोलनं की ते बजारमा जास. घरमा ठेवानं ते कोनी तोलस का? तू तुना पोरं तोल्यात का?"

मी माझी पोरं कधी तोलली नव्हती. जे तोललं ते घरातून गेलं, हे त्या बाईनं जन्मभर बघितलेलं. पोत्याला काटा लागला की पोतं गाडीत. आणि ह्या ओट्यावरून पोरंही गेली होती, सुनेची दोन, ठकीच्या आधीची. ते तिनं सांगितलं नाही, विमलनं नंतर सांगितलं.

आत्याचा गूळ

संध्याकाळी मला एक युक्ती सुचली. मी विमलला म्हटलं, "अगं, नवसाला लेकराची गुळानं तुला करतात की नाही? ते तोलणं विकायचं नसतं. भागाबाईला म्हणावं, ठकीची गुळाची तुला करू. वजन आपोआप कळेल."

विमल भाकऱ्या थापत होती. हात थांबला. "आत्या, तू म्हणतेस हे? आपण बौद्ध झालो तेव्हा आजोबांनी घरातले देव नदीला सोडले, ती गोष्ट मला तूच सांगितलीस."

"मी कुठं नवस बोलायला सांगते? त्यांच्या समजुतीनं त्यांना घ्यायचं."

"बरं, समज घेतलं. आज गुळानं तोलली. पुढच्या महिन्याला काय? त्याच्या पुढच्या? मला दर महिन्याला तोलायचंय. सहा वर्षांची होईपर्यंत. नवस एकदा फिटतो आत्या, हे काम फिटत नाही."

बायांनो, मी एवढे पेपर वाचले, पण योजना म्हणजे काय ते मला त्या चुलीपुढं समजलं. नवस हा एका दिवसाचा. लग्न, बारसं, उद्घाटन, सगळं एका दिवसाचं, आणि आपल्याला एका दिवसाचं फार छान जमतं. दर महिन्याला तेच, कुणी बघत नसताना तेच, हे जमवायला निराळीच माणसं लागतात. आणि त्यातलं एक माणूस भाकरी थापत होतं, आणि त्याला मी घरी न्यायला आले होते.

"दादांना सांग," ती म्हणाली, "अंगणवाडी हलली तर मी येईन. त्याआधी नाही."

पाटावर

दुसऱ्या दिवशी धुणं घेऊन पाटावर गेले. ह्या भागात एक जुनी रीत आहे. नदीला दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे तुकडे, त्याला फड म्हणतात. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी पाळीपाळीनं. पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. पाणी फिरवायला गावानं नेमलेला माणूस असतो, पाटकरी. आणि हे पाटकरी म्हणजे भागाबाईचे मालक, निंबाबाबा. ओठावर पांढऱ्या मिशा, खांद्यावर फावडं, बोलणं मोजकं.

भागाबाईही धुण्याला आली होती, ठकी काठावर गोधडीत. निंबाबाबा पाटात उतरून एका दगडाशी वाकून बघत होते. दगडावर रेघा कोरलेल्या.

"काय बघता बाबा?" मी विचारलं.

"पानी कितलं उतरनं ते पाहनं पडस. कमी व्हयनं ते वरला लोकेस्ले सांगाना, आते दारं बंद करा. नहीते शेवटना वावर कोरडा ऱ्हाई जास."

म्हणजे पाणी किती उतरलं ते बघायचं, आणि कमी असेल तर वरच्यांना थांबवायचं, नाहीतर शेवटचं शेत कोरडं राहतं. मी विचारलं, "रोज बघता?"

"रोज."

"विकायचं नसताना मोजता?"

निंबाबाबांनी मान वर केली. "पानी कोन विकस व माय! वाटाले मोजतस."

वाटायला मोजतो. मला बोलायची खोड आहे हे तुम्ही जाणता, पण त्या वेळी पिळे घट्ट पिळत बसले. भागाबाईनंच धुणं आपटायचं थांबवलं आणि माझ्याकडं रोखून बघितलं. तिला माझ्या मनातलं दिसलं होतं.

"पानी शे ते," ती म्हणाली. "पोर नही."

आणि ती पुन्हा धुणं आपटायला लागली, आधीपेक्षा जोरात. निंबाबाबा पाटातून वर आले, गोधडीजवळ बसले, आणि नातीच्या मनगटाभोवती आपली दोन बोटं धरून बघितली. बोटं सहज मिटली आणि वर जागा उरली. बराच वेळ ते ती जागा बघत होते. मग फावडं उचलून निघून गेले.

तोलायचा दिवस

वजनाच्या दिवशी सकाळपासून विमल दारात. लेकरं आली, सुकडी घेतली, आया वजनाचं नाव काढताच कामाला पळाल्या. ऊन वर चढलं. मी म्हटलं, चल, बांधाबांध करू. ती म्हणाली, "अजून दिवस आहे."

आणि मग भागाबाई आली. कडेवर ठकी, आणि दुसऱ्या हातात जुन्या लुगड्याची गुंडाळी. मागं गावातल्या दोघी-तिघी सुना, तोंडाला पदर लावून तमाशा बघायला आल्यासारख्या.

खोलीत पाय ठेवताच ती विमलला म्हणाली, "तुनी ती चड्डी काढ आठेन. मनी नात काही बकरू नही." आणि गुंडाळी उलगडली. ती ठकीची झोळी होती, रोज घरात आढ्याला बांधून जिच्यात निजवायचे ती. भागाबाईनं झोळीची टोकं आपल्या हातानं बांधली, आकड्यात घातली, ओढून बघितली. "ईमा निजस ती रोज. ईमा तोल."

विमल म्हणाली, "चालेल आजी. आधी रिकामी झोळी तोलते, म्हणजे तिचं वजन वजा करता येईल."

"आनि मोठ्यानी बोलू नको. कितलं भरनं ते तुना मनमाच ठेव."

"नाही बोलत."

भागाबाईनं नातीला स्वतःच झोळीत ठेवलं. विमलचा हात लागू नये इतक्या बेतानं ठेवलं, ते मी बघितलं आणि विमलनंही. पोरगी झोळीत आली आणि काय झालं, रोजची सवय, तिला वाटलं आता झोका मिळणार. तिनं अंग हलवलं, झोळी कलंडली, आणि विमलनं दोन्ही हातांनी तिला धरलं, छातीशी. सगळ्या सुना भागाबाईकडं बघायला लागल्या. भागाबाई म्हणाली, "नीट धर व, पाडशी!" बस. एवढंच.

पुन्हा झोळी स्थिर झाली. काटा थरथरला, थांबला. विमलनं बघितलं. तिनं शब्द पाळला, तोंडातून आकडा काढला नाही. पण चेहरा कुठं लपवणार? ठकीला काढून आजीच्या हातात देताना तिचे ओठ घट्ट मिटलेले. भागाबाई त्या चेहऱ्याकडं बघत होती. आयुष्यभर बाळंतिणींचे चेहरे वाचलेली बाई ती.

"भू कमी शे ना?" तिनं हळूच विचारलं. फार कमी आहे ना?

विमलनं मान हलवली.

भागाबाईनं नातीच्या डोक्यावरून हात फिरवला. मागच्या दोन लेकरांचं कधी काही मोजलं गेलं नव्हतं. ती गेल्यावरच कळली होती. हे मी मनात म्हणते. तिनं फक्त वाटी पुढं केली. "दुप्पट दे मंग. आनि दवाखानानी चिठ्ठी लिखी दे. उद्या म्हतारा लई जाई."

मागच्या सुनांपैकी एक पुढं झाली. तिनं आपलं लेकरू कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि भागाबाईला विचारलं, "माय, ती झोळी जराशी देशी का?" भागाबाई म्हणाली, "तुनी आन. ज्यानी त्यानी आपली आनानी." आणि ती बाई झोळी आणायला घराकडं गेली. सगळ्या नाही गेल्या. बाकीच्या शेताकडं वळल्या.

त्या दिवशी इतकंच झालं. अंगणवाडी वाचली का, ते मी निघेपर्यंत ठरलं नव्हतं. वरच्या बाई येऊन बघणार होत्या. पण महिना कोरा गेला नव्हता. ठकीला दवाखान्यात ठेवून घेतलं होतं, आणि निंबाबाबा तिथंच होते. पाट फिरवायचं काम तेवढ्या दिवसांपुरतं त्यांनी पुतण्याला दिलं होतं.

परत

निघताना विमलला मी चल म्हटलं नाही. मनमाडला उतरले तर दामूनं माझ्या पाठीमागं बघितलं, गाडीतून अजून कुणी उतरतंय का. मी म्हटलं, "नाही आणली. आणि आता पुन्हा सांगू नकोस." तो रागावला, आणि मग संध्याकाळी माझ्याजवळ बसून सगळं दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकताना झोळीशी आला की म्हणे, "तिनं धरली? दोन्ही हातांनी?" मी म्हणे, हो. "आणि ती म्हातारी काही बोलली नाही?" म्हटलं, बोलली की, नीट धर म्हणाली.

आता खरं काय ते सांगते. स्टँडवर भागाबाई मला सोडायला आली होती. जवळ उभी नव्हती, वडाखाली. मी जाऊन म्हटलं, "ठकी दवाखान्यातून आली की पुढच्या महिन्याला आणाल ना तोलायला?"

ती माझ्याकडं बघत म्हणाली, "तू येशी का?"

"येईन."

"मंग आनसू."

झालं. दोन हजार सालचं मला माहीत नाही. पण पुढच्या महिन्याचं वचन मी देऊन बसले, आणि त्याच्या पुढच्याचंही ती विचारणारच. माझे गुडघे तुम्हाला माहीत आहेत, एस.टी.ची पायरी चढताना कंडक्टर हात देतो तेव्हा कुठं चढते. विमलला तिथं माणसं हवीत. आपलं लेकरू आपल्या झोळीत घालून तोलायला बसलेल्या बायकांच्या शेजारी नुसतं टेकून बसायला, दोन गोष्टी बोलायला. त्याला मॅट्रिक लागत नाही. दर महिन्याला एकजण आली तरी पुष्कळ. मामीनं गोधड्या काढून ठेवल्यात, कढी-फुणक्याचं म्हणाल तर तुम्ही नुसतं सांगा. चला गं माझ्याबरोबर. आणि मी नसले तरी जा, मनमाडला दामूकडं उतरा, तो गाडीत बसवून देईल. विमल वाट बघतेय. फार दिवस लावू नका, लवकर निघा.